दोन स्टिक आहेत, पण रॅम ड्युअल चॅनलमध्ये चालते आहे का? खात्री कशी करायची?

तापीकाठ (भुसावळ)
राम राम मंडळी. मशीन असं आहे: रायझेन ५ ५६००जी, बी४५० चिपसेटचा चार स्लॉटचा बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० स्टिक, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. काम लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग, अधूनमधून टॅली. एडिटिंग करताना टाइमलाइन अडखळते. टास्क मॅनेजर १६ जीबी दाखवतो, वेग २४०० दाखवतो, चारपैकी दोन स्लॉट वापरात असं सांगतो. ड्युअल चॅनलबद्दल मात्र कुठेच काही लिहिलेलं नाही. दोन्ही स्टिक प्रोसेसरकडून पहिल्या आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये, अगदी शेजारी-शेजारी आहेत. बोर्डाचं मॅन्युअल हाताशी नाही. नक्की कुठे बघायचं?

सातपुडा_पायथा (चोपडा)
दादा, टास्क मॅनेजर चॅनल, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधला डेटाचा रस्ता, सांगतच नाही. तो फक्त एकूण रॅम, वेग आणि किती स्लॉट भरलेत एवढं सांगतो. 'चारपैकी दोन' वाचून पुष्कळ जण ड्युअल झालं असं धरून चालतात, पण दोन स्टिक असणं वेगळं आणि दोन चॅनल चालू असणं वेगळं.

सीपीयू-झेड हा मशीनची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम घ्या. सीपीयूआयडीच्या मूळ साइटवरूनच घ्या, सर्चमध्ये वर दिसणाऱ्या जाहिरातीतून नको. झिप आवृत्ती घेतली तर इन्स्टॉल करावं लागत नाही, पेनड्राइव्हवरूनही चालते. उघडून मेमरी टॅबवर जा. उजवीकडे वर चॅनलचा रकाना आहे. जुन्या आवृत्तीत तिथे 'सिंगल' किंवा 'ड्युअल' असा शब्द येतो. नव्या आवृत्तीत डीडीआर४ साठी '१ x ६४-बिट' किंवा '२ x ६४-बिट' येतं. एक चॅनल ६४ बिटचा असतो, म्हणून १ दिसलं तर सिंगल आणि २ दिसलं तर ड्युअल.

त्याच टॅबवर खाली डीरॅम फ्रिक्वेन्सी बघा. तुमच्याकडे १२०० च्या आसपास दिसेल. घाबरू नका, तो खऱ्या घड्याळाचा वेग आहे. डीडीआर म्हणजे प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा, म्हणून दुप्पट करायची: १२०० दुणे २४००. आता शेजारचा एसपीडी टॅब उघडा आणि वरच्या यादीतून एकेक स्लॉट निवडा. कोणत्या स्लॉटमध्ये किती जीबीची, कोणत्या पार्ट नंबरची स्टिक आहे ते कळेल. रिकामा स्लॉट कोरा दिसतो.

तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून '१ x ६४-बिट' येणार असं मला वाटतं. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून क्रम ए१, ए२, बी१, बी२ असा असतो. पहिला आणि दुसरा भरला म्हणजे दोन्ही स्टिक 'ए' चॅनलवरच बसल्या आणि 'बी' रिकामा राहिला. बाजार समितीत दोन वजनकाटे आहेत, पण सगळ्या गाड्या एकाच काट्याच्या रांगेत लावल्या, तसं हे. माल तेवढाच, पण मोजायला दुप्पट वेळ.

हिशोब करून बघा. २४०० गुणिले ८ बाइट म्हणजे सेकंदाला १९.२ जीबी. तुमच्या मशीनची सध्याची कमाल मर्यादा एवढीच आहे. हीच रॅम ३२०० वर आणि दोन चॅनलवर चालली तर २५.६ दुणे ५१.२ जीबी होते, म्हणजे अडीचपटीहून जास्त. तुमच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. ५६००जी मधलं ग्राफिक्स याच रॅममधून वाचतं आणि यातच लिहितं, म्हणून तुम्हाला फरक डोळ्यांनी दिसेल. नुसत्या टॅलीच्या मशीनवर तो फारसा जाणवणार नाही.

आधी रकान्यात काय येतं ते सांगा, मग स्टिक हलवा. हलवण्याआधीचा आकडा लिहून ठेवणं फार महत्त्वाचं आहे.

गिरणातीर (चाळीसगाव)
एकाच रंगाचे दोन स्लॉट भरा, झालं काम.

सातपुडा_पायथा (चोपडा)
गिरणा भाऊ, रंगावर भरवसा ठेवू नका. बऱ्याच बोर्डांवर एका रंगाचे दोन स्लॉट म्हणजे दोन वेगळ्या चॅनलची जोडी असते, तिथे तुमचं बरोबर ठरतं. पण सगळ्या कंपन्या रंग एकाच अर्थाने वापरत नाहीत आणि हल्ली तर चारही स्लॉट काळेच येतात. स्लॉटच्या टोकाला बोर्डावर बारीक पांढऱ्या अक्षरांत नाव छापलेलं असतं. मोबाइलच्या टॉर्चने ते वाचा किंवा बोर्डाचा मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवरून मॅन्युअलची पीडीएफ उतरवा. मेमरीच्या पानावर तक्ता असतो.

दोनच स्टिक असतील तर साधारणपणे ए२ आणि बी२, म्हणजे प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा. ए१-बी१ मध्येही ड्युअल होतं. पण बहुतेक बोर्डांवर तारा पहिल्या स्लॉटवरून पुढे दुसऱ्यावर जाऊन संपतात. टोकाचा स्लॉट रिकामा ठेवला तर तिथून सिग्नल उलटा परततो आणि जास्त वेगावर रॅम अस्थिर होते. म्हणून टोकाचे भरायचे.

कळण्याची_भाकरी (जळगाव)
लॅपटॉपवाल्यांसाठी एक सोपी खूण. इंटेल ११व्या पिढीच्या आय५ किंवा आय७ लॅपटॉपमध्ये, ज्यात आयरिस एक्सई ग्राफिक्स असायला हवं, डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्प्ले अडॅप्टर्स बघा. रॅम ड्युअल चॅनलमध्ये असेल तर 'आयरिस एक्सई' असं नाव येतं. एकच चॅनल असेल तर तीच चिप 'यूएचडी ग्राफिक्स' म्हणून दिसते. ड्रायव्हर बिघडलाय समजून लोक तो काढतात-घालतात, तरी नाव बदलत नाही. दुसरी स्टिक टाकली की नाव आपोआप बदलतं. पुढच्या पिढ्यांतही ज्या प्रोसेसरांवर आयरिस एक्सई आहे त्यांना हेच लागू.

लॅपटॉपमध्ये दुसरी एक अडचण असते. पुष्कळ मॉडेलांत ४ किंवा ८ जीबी बोर्डावरच सोल्डर केलेली असते आणि एकच स्लॉट मोकळा असतो. समजा सोल्डर ४ आहे आणि स्लॉटमध्ये ८ टाकली. एकूण १२. यातली ४ अधिक ४ अशी ८ जीबी दोन्ही चॅनलवर चालते, उरलेली ४ एकाच चॅनलवर. इंटेल याला फ्लेक्स मोड म्हणतं. सीपीयू-झेड इथेही ड्युअलच दाखवू शकतं, म्हणून एसपीडी टॅबमध्ये दोन्ही बाजूंची जीबी बघून बेरीज आपण करायची. याचा अर्थ असमान स्टिक टाकू नयेत असा मुळीच नाही. ४ वर ८ टाकणं हे नुसत्या ४ पेक्षा केव्हाही चांगलं. फक्त पूर्ण ड्युअल हवं असेल तर सोल्डर केलेल्याएवढीच घ्या.

गोलाणी मार्केटमधून किंवा ऑनलाइन, कुठूनही घ्या, पण आधी स्वतःच्या स्टिकवरच्या स्टिकरचा फोटो काढून न्या. त्यावर '८जीबी १आरएक्स८ पीसी४-३२००' अशा धर्तीची ओळ असते. १आर म्हणजे एक रँक (एकत्र काम करणारा चिपचा ६४ बिटचा एक गट), एक्स८ म्हणजे चिपची रुंदी. ८ जीबीच्या स्टिकवर आठऐवजी चारच मोठ्या चिप असतील तर ती एक्स१६ असते. तिच्यात बँक ग्रुप, म्हणजे चिपच्या आतले मेमरीचे गट, निम्मे असतात, म्हणून ड्युअल होऊनही ती थोडी मागे पडते. पीसी४-२५६०० असं लिहिलेलं असलं तरी ते ३२०० च. वेगाला ८ ने गुणून लिहायची ती पद्धत आहे. पीसी४-२१३०० म्हणजे २६६६.

शहादेकर
मना लॅपटॉपमा ए६-९२२५ शे, ४ जीबीनी एकच स्टिक शे. आखो एक टाकी तं ड्युअल चॅनल व्हई का?

कळण्याची_भाकरी (जळगाव)
नाही होणार, भाऊ. ए६-९२२५ च्या आत मेमरी कंट्रोलरच एका चॅनलचा आहे. ए९-९४२५ सुद्धा तसाच. कितीही स्टिक टाकल्या तरी रकान्यात एकच दिसणार. रॅम वाढवायची असेल तर ४ काढून ८ ची एकच स्टिक टाका. रॅम वाढल्याचा फायदा मिळेलच, चॅनलचा नाही. हल्ली छोट्या मिनी पीसीमध्ये येणारा इंटेल एन१०० हाही एकाच चॅनलचा आहे. घेण्याआधी इंटेलच्या साइटवर त्या प्रोसेसरच्या पानावर 'मॅक्स नंबर ऑफ मेमरी चॅनल्स' ही ओळ वाचा.

पांझराकाठ (धुळे)
शाळेच्या लॅबमध्ये वीस मशीन एकदम तपासायच्या असतील तर प्रत्येकावर सीपीयू-झेड उघडत बसणं कंटाळवाणं होतं. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून गेट-सिमइन्स्टन्स विन३२_फिजिकलमेमरी ही आज्ञा द्या, अर्थात इंग्रजी अक्षरांत. प्रत्येक स्टिकसाठी क्षमता, वेग आणि 'डिव्हाइस लोकेटर' येतो. लोकेटरमध्ये 'चॅनलए-डिम०' आणि 'चॅनलबी-डिम०' अशी नावं आली तर जोडी बरोबर बसलीय. दोन्ही नावांत 'ए' च असेल तर चूक. जुनी डब्ल्यूएमआयसी आज्ञा विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत आधीपासून बसवलेली नसते, तिच्या मागे लागू नका.

लिनक्सवर सुडो लावून डीएमआयडीकोड हायफन टी मेमरी. तिथेही 'लोकेटर' हीच ओळ वाचायची. ज्या ठिकाणी 'नो मॉड्यूल इन्स्टॉल्ड' लिहिलंय तो स्लॉट रिकामा.

इथे एक मर्यादा ध्यानात असू द्या. हे दोन्ही मार्ग बायोसने (बोर्डातल्या मूळ प्रोग्रॅमने) लिहिलेली नावं वाचून दाखवतात. काही बोर्डांवर नुसतं 'डिम ०', 'डिम १' येतं, चॅनलचं नाव येतच नाही. तेव्हा कंट्रोलरलाच विचारणारा प्रोग्रॅम लागतो: सीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो. एचडब्ल्यूइन्फोच्या समरी खिडकीत मेमरीच्या भागात 'मोड' ही ओळ असते, तिथे 'ड्युअल-चॅनल' असं सरळ लिहून येतं.

आणि आधी-नंतरचा आकडा हवा असेल तर विंडोजमध्येच सोय आहे. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि विनसॅट, मग जागा सोडून मेम, एवढंच टाइप करा. थोड्या वेळात मेमरी परफॉर्मन्सचा आकडा सेकंदाला एमबीमध्ये येतो. ब्राउझर वगैरे बंद ठेवा, लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला हवा. तीनदा चालवून मधला आकडा धरा. दुसऱ्याच्या मशीनशी तुलना करू नका. स्वतःच्याच मशीनचा आधीचा आणि नंतरचा आकडा बघा.

तापीकाठ (भुसावळ)
सीपीयू-झेड '१ x ६४-बिट' दाखवतंय, डीरॅम फ्रिक्वेन्सी ११९७. सातपुडा भाऊ म्हणाले तसंच. स्लॉटच्या टोकाला ए१, ए२, बी१, बी२ अशीच नावं आहेत. हलवताना काय काळजी घ्यायची?

सातपुडा_पायथा (चोपडा)
शटडाउन करा, एसएमपीएसचा मागचा स्विच बंद करा, वायर काढा, मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. उरलेला करंट निघून जातो. आपल्याकडची कोरडी हवा स्टॅटिकसाठी फार वाईट, विशेषतः हिवाळ्यात आणि मार्च-एप्रिलमध्ये. सिंथेटिक गालिच्यावर उभं राहून काम करू नका. स्टिकला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा आणि स्टिक कडेने धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लागू देऊ नका.

स्लॉटची कुंडी उघडा. काही बोर्डांवर एकाच बाजूला उघडणारी कुंडी असते, दुसरी बाजू पक्की असते. पहिल्या स्लॉटमधली स्टिक काढून चौथ्यात बसवा. दुसऱ्यातली आहे तिथेच राहू द्या, ती आधीच ए२ मध्ये आहे. स्टिकची खाच मध्यभागी नसते, जरा एका बाजूला असते. स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवून मगच दाबा. दोन्ही टोकांना अंगठे ठेवून सरळ खाली दाबायचं, 'टक' असा आवाज येऊन कुंडी आपोआप बंद झाली पाहिजे. कुंडी हाताने लावावी लागली तर स्टिक पूर्ण बसलेली नाही.

बसवण्याआधी रिकाम्या स्लॉटमध्ये टॉर्च मारून बघा. जिनिंगच्या भागात कापसाचे तंतू आणि काळ्या मातीची बारीक धूळ वर्षानुवर्षे रिकाम्या स्लॉटमध्येच साचते. ब्लोअरने उडवा, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. स्लॉटमध्ये टाचणी, ब्रशचा दांडा काहीही घालू नका.

तापीकाठ (भुसावळ)
केलं. मशीन सुरू होते, पण आता ८ जीबीच दाखवते. एसपीडीमध्ये चौथा स्लॉट कोरा.

सातपुडा_पायथा (चोपडा)
मग आता एकेक शक्यता गाळू. जी स्टिक चौथ्यात होती ती एकटीच ए२ मध्ये लावून सुरू करा. चालली तर स्टिक ठणठणीत आहे. आता तीच एकटी बी२ मध्ये लावा. डिस्प्लेच आला नाही तर दोष बी२ स्लॉट, बी चॅनलच्या पिना किंवा नुसता धुळीचा. मग एकटी बी१ मध्ये. बी१ चालला आणि बी२ नाही, तर दोष स्लॉटपुरता. दोन्ही नाहीत, तर प्रोसेसरकडे बघावं लागेल.

स्टिकच्या सोनेरी पट्ट्यांवर काळसर डाग असतील तर साधा पांढरा खोडरबर एकाच दिशेने हलका फिरवा, दाबून घासू नका. रबराचा चुरा कोरड्या सुती कापडाने पूर्ण झटका, तो स्लॉटमध्ये गेला तर नवंच दुखणं लागतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर उत्तम, पुसून पाच मिनिटं वाळू द्या.

तुमच्या रायझेनच्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात, इंटेलमध्ये बोर्डाच्या सॉकेटमध्ये. एक पिन वाकली तरी अख्खा चॅनल बंद पडू शकतो आणि बाकी मशीन व्यवस्थित चालते, म्हणून ते लवकर लक्षात येत नाही. कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले तरी असंच होतं, इंटेलवर विशेष. ते कोपऱ्या-कोपऱ्याने, तिरके, थोडे-थोडे आवळायचे.

तापीकाठ (भुसावळ)
बी१ मध्ये चालली, बी२ मध्ये नाही. टॉर्च मारल्यावर बी२ च्या तळाला रुईसारखा तंतू दिसला. ब्लोअर दोनदा मारला, पट्ट्या पुसल्या, परत ए२-बी२. आता १६ जीबी, '२ x ६४-बिट'. विनसॅटचा आकडा जवळपास दुप्पट झाला. वेग अजून २४०० च आहे.

सातपुडा_पायथा (चोपडा)
छान. आता बायोसमध्ये जाऊन रॅम तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग, एक्सएमपी किंवा डीओसीपी, तुमच्या बोर्डावर जे नाव असेल ते, चालू करा आणि सेव्ह करा. स्टिकवर ३२०० लिहिलेलं असलं तरी ते चालू केल्याशिवाय बऱ्याच स्टिक २१३३, २४०० किंवा २६६६ वरच चालतात. नंतर सीपीयू-झेडमध्ये १६०० च्या आसपास दिसलं पाहिजे. आणि पुढे कधी चारही स्लॉट भरायचा विचार केला तर वेग उतरू शकतो हे धरून चाला. एएमडीने रायझेन ३००० साठी चारही स्लॉट भरल्यावर अधिकृत वेग एका रँकच्या स्टिकला २९३३ आणि दोन रँकच्या स्टिकला २६६७ एवढाच दिलाय. त्यापेक्षा १६-१६ च्या दोन बऱ्या.

एक प्रामाणिकपणे सांगतो: टाइमलाइन अडखळण्याचं सगळं कारण रॅम नसेल. कॅमेऱ्याच्या एचईव्हीसी (फार दाबून साठवलेल्या व्हिडिओच्या) फायली साध्या हार्ड डिस्कवर ठेवून एडिट करत असाल तर प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती, बनवल्याशिवाय ते थांबणार नाही.

गिरणातीर (चाळीसगाव)
रंगाचं मान्य. आता जुन्या मशीनबद्दल माझ्याकडून. इंटेल एच६१ आणि एच८१ चे दोन स्लॉटचे बोर्ड सायबर कॅफेत आणि ग्रामपंचायतीत अजून भरपूर आहेत. तिथे दोन्ही स्लॉट वेगळ्या चॅनलचे, म्हणून दोन सारख्या स्टिक टाकल्या की झालं. डीडीआर३ १६०० दोन चॅनलवर २५.६ जीबी देते, म्हणजे डीडीआर४ ३२०० च्या एका स्टिकएवढी.

पण दोन गोष्टी सांभाळा. 'फक्त एएमडीसाठी' म्हणून स्वस्त मिळणाऱ्या डीडीआर३ स्टिक इंटेल बोर्डावर चालत नाहीत. आणि या बोर्डांवर ८ जीबीची स्टिक घ्यायची तर १६ चिपची, दोन्ही बाजूंना आठ-आठ, अशीच घ्या. आठच चिपची ८ जीबी डीडीआर३ हे जुने कंट्रोलर ओळखत नाहीत. ड्युअल होणं लांबच, बीप देऊन मशीन थांबते. दोन वेगळ्या वेगाच्या स्टिक टाकल्या तर दोन्ही कमी वेगावर चालतात, ड्युअल मात्र होतं. डब्यावर 'ड्युअल चॅनल किट' छापलेलं असण्याची गरज नाही. कंपनीने एकत्र तपासलेली जोडी एवढाच त्याचा अर्थ, ड्युअल चॅनल हा गुण स्टिकचा नाही, प्रोसेसर आणि बोर्डाचा आहे.

यावल_रस्ता
नवीन मशीन डीडीआर५ ची आहे, स्टिक एकच, तरी सीपीयू-झेड '२ x ३२-बिट' दाखवतं. म्हणजे एकाच स्टिकवर ड्युअल झालं ना?

पांझराकाठ (धुळे)
नाही झालं. डीडीआर५ ची प्रत्येक स्टिक आतूनच ३२-३२ बिटच्या दोन उपचॅनलांत विभागलेली असते. बत्तीस दुणे चौसष्ट, म्हणजे जुन्या हिशोबाने तो एकच चॅनल. दोन स्टिक नीट बसल्यावर '४ x ३२-बिट' दिसतं. गुणाकार करून १२८ आला तरच ड्युअल म्हणा, ही पद्धत डीडीआर४ लाही चालते. आणि डीडीआर५ मध्ये स्टिक बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, बोर्ड रॅम जुळवून घेत असतो. त्या वेळात बटण दाबून बंद करू नका.

तापीकाठ (भुसावळ)
डीओसीपी लावल्यावर १५९७ दिसलं, ग्राफिक्समध्ये फरक स्पष्ट आहे. फायली एसएसडीवर हलवतो. पण आज सकाळी पुन्हा १०६६ दिसतंय, चॅनल मात्र २ च. रात्री मेन स्विच बंद केला होता.

सातपुडा_पायथा (चोपडा)
घड्याळ बघा, तारीख मागे गेली असेल तर सीएमओएसचा सेल संपलाय. रात्री मेन बंद झाला की बायोसच्या सेटिंग त्याच सेलवर टिकतात. सीआर२०३२, नाण्याएवढा. मल्टिमीटरवर नवा सेल ३ व्होल्ट किंवा किंचित वर दाखवतो, २.७ च्या आसपास आला असेल तर बदला. नवा टाकताना अधिकचं चिन्ह वर, मग बायोसमध्ये तारीख आणि डीओसीपी पुन्हा लावा. चॅनल स्लॉटवर ठरतो, म्हणून तो सेल संपल्याने बदलला नाही.

तारीख बरोबर असेल तर सेल ठीक आहे. तेव्हा बोर्डाने ३२०० वर सुरू होताना अडखळून स्वतःच सुरक्षित वेग धरलाय. मग डीओसीपी चालू ठेवून वेग हाताने ३००० करा आणि दोन दिवस बघा.